गार झालेली कॉफी

माइकवरचा लाल दिवा विझला तेव्हा नौफाचं वाक्य अर्ध्यावर होतं. तिनं माइक हातानं बाजूला सारला, समोरचे कागद पालथे घातले आणि वाक्याचा उरलेला अर्धा भाग तसाच, उभ्या उभ्या बोलायला घेतला. उम्म अल-बुत्म या आपल्या गावी, मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं भूगोल शिकवलेला आवाज होता तो. मागच्या बाकांवर डुलक्या घेणारे खासदारसुद्धा सावरून बसले.

“...तर अर्थमंत्र्यांच्या यादीत आमच्या शाळेची इमारत ‘विनावापर सरकारी मालमत्ता’ म्हणून लिहिली आहे. विनावापर म्हणजे काय? रोज सकाळी तिथं तीनशे मुली बसतात. मंत्रिमहोदयांना त्या दिसत नसतील तर रविवारी मी सगळ्यांना इथं घेऊन येते. गॅलरीत बसवू. मग दिसतील.”

सभागृहात हशा पिकला. अध्यक्षांनी हातोडा आपटला.

“बाई, तुमची वेळ संपली. हा काही शाळेचा वर्ग नाही.”

“ठाऊक आहे, अध्यक्षमहाराज. वर्गात मी इतका गोंधळ चालू दिला नसता.”

आणि ती बसली नाही. या एकाच इमारतीवर त्या वर्षात ती तिसऱ्यांदा बोलत होती. वसंतात वारसा जतनाच्या चर्चेत सांस्कृतिक मंत्र्यांनी उम्म अल-बुत्मच्या पिवळ्या दगडाचं, कमानींचं, तुर्कांच्या काळातल्या घडाईचं इतकं कौतुक केलं, की ऐकणाऱ्याला वाटावं यांनी स्वतःच छिन्नी चालवली आहे. जुन्या दगडांवर प्रेम करणं सोपं असतं, दगड पगार मागत नाहीत. तेव्हा नौफानं विचारलं होतं, ‘दगडांखाली बसलेल्या मुलींचं काय?’ मग शिक्षणाच्या चर्चेत शिक्षणमंत्री म्हणाले, मुलींसाठी नवी इमारत तयार आहे. होतीच तयार; फक्त हमरस्त्यापलीकडे, सिमेंटच्या कारखान्याला खेटून, जिथं कुठलाही बाप आपली पोर पायी पाठवणार नाही. आणि आता हे महसुलाचं विधेयक. जुन्या सरकारी इमारती तीस वर्षांच्या कराराने भाड्यानं द्यायच्या आणि तिजोरी भरायची. शाळेच्या जागी हॉटेल होणार होतं. ते हॉटेल गावातलं बडं प्रस्थ असलेल्या दियाब पाशांचा जावई चालवणार, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

“महसूल म्हणता,” नौफा म्हणाली. “राजधानीच्या सरकारी इस्पितळात त्या शाळेतून गेलेल्या किती नर्सेस आहेत, ते जाऊन बघा. त्या कर भरतात. तुमचं हॉटेल पहिली दहा वर्षं करमाफी मागतंय.”

तिची दुरुस्ती एका ओळीची होती: ज्या इमारतीत शाळा भरते, ती भाड्यानं देता येणार नाही. मतदान रविवारी ठरलं.

बाहेर पडताना एका तरुण खासदारानं तिला दारात गाठलं. “नौफाबाई, महिलांच्या कोट्यातून आलात, तर कोट्याएवढंच बोलावं माणसानं.”

“तुम्ही मामाच्या पुण्याईनं आलात,” ती पिशवी खांद्याला लावत म्हणाली, “मी कधी तुमचे शब्द मोजले का?”

गुरुवारी दिवस मावळता ती गावी पोचली. फाटकातच तिच्या लक्षात आलं, की अंगणातल्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवल्या आहेत, शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्यासुद्धा. स्वयंपाकघरात आई कॉफीचे कप विसळत होती. बिनकानाचे, मुठीत मावतील असे छोटे कप. आणि एकेक कप ती अशी आदळत होती की फुटत कसा नव्हता याचंच नवल.

“कोण आलं होतं, यम्मा?”

“कोण आलं नव्हतं ते विचार.” आईनं मागं वळूनही पाहिलं नाही. गावात तिला उम्म फव्वाज म्हणत, थोरल्या मुलाच्या नावानं. “दियाब पाशा, इमाम, तुझा मोठा काका, पेट्रोलपंपवाला. सगळी पांढरी डोकी. जाहा घेऊन आले होते.”

“कशासाठी?”

“तुझी मागणी घालायला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. नशीब काढलंस पोरी.”

नौफाला हसू आलं नाही. तिचं लक्ष ट्रेकडे होतं. जाहा म्हणजे काही मागायला आलेली मानकऱ्यांची मंडळी; ती समोर आलेली कॉफी पीत नाही. पुढारी कप पायाशी ठेवतो, मागणं सांगतो, आणि यजमान ‘हो’ म्हणेपर्यंत कॉफी गार होऊ देतो. सोयरीक असो, जमिनीचा तंटा असो, खुनाची माफी असो. यजमान ‘प्या तुमची कॉफी’ म्हणाला की शब्द दिला गेला; तो मग मरेपर्यंत फिरत नाही. आणि मागणं नाकारून भरले कप तसेच परत पाठवले, तर दोन पिढ्या त्याची चर्चा होते.

ट्रेमध्ये एकाही कपात थेंब नव्हता.

“याबा ‘प्या’ म्हणाले?”

“म्हणाले.” आईनं नळ बंद केला. “तू दुरुस्ती मागं घ्यायची आणि रविवारी तोंड उघडायचं नाही. हे मागितलं, आणि हे दिलं.”

तिचे वडील, हाज मुत्लक, गच्चीवर द्राक्षाच्या मांडवाखाली बसले होते. लष्करात तीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. बसतानाही पाठ सरळ, दोन्ही हात गुडघ्यांवर, जणू पुढ्यात स्टिअरिंग आहे. उजवा कान कधीच इंजिनांनी खाऊन टाकला होता, म्हणून नौफा डाव्या बाजूला बसली.

“याबा, तुमच्याकडे फोन होता.”

“होता.”

“मी अम्मानमध्ये होते, चंद्रावर नव्हते.”

खाली आईनं पुन्हा नळ सोडला.

“मी एकोणीस वर्षांची होते, तेव्हा अशीच जाहा आली होती,” नौफा म्हणाली. “तुम्ही सगळ्यांना बसवून आत आलात. दाराशी उभं राहून मला विचारलंत, ‘काय म्हणतेस?’ मी म्हटलं, मला शिकायचंय. तुम्ही बाहेर जाऊन सगळी जाहा तशीच परत पाठवलीत, भरल्या कपांनिशी. वर्षभर तुम्हाला कुणी आपल्या बैठकीत बोलावलं नाही. आठवतं?”

“आठवतं.”

“मग आज काय झालं?”

हाज मुत्लकनी मांडवाच्या एका सुकल्या पानाला हात लावला, ते तोडलं आणि हातातच धरून ठेवलं.

“त्या जाहेत दियाब पाशा नव्हते,” ते म्हणाले. “आज त्यांचा कप माझ्यासमोर गार होत होता, नौफा. मला त्यात फव्वाजचं तोंड दिसत होतं.”

सात वर्षांपूर्वी तिच्या भावाच्या गाडीखाली हमरस्त्यावर एक तरुण पोरगा गेला. दुसऱ्या टोळीचा, आईबापांचा एकुलता एक. तेव्हा दियाब पाशांनी जाहा उभी केली, त्या पोराच्या बापाच्या दारात जाऊन आपल्या डोक्यावरची काळी दोरी काढून जमिनीवर ठेवली आणि माफी मिळेपर्यंत उचलली नाही. निवृत्त सेनापती, ज्याच्यापुढं रस्त्यात लोक उठून उभे राहतात, तो बोडक्या डोक्यानं उन्हात बसून राहिला. फव्वाज आज दुबईत पोराबाळांत आहे, तो त्या दुपारमुळे.

“तुम्हाला कळतंय ना, ती शाळा गेली तर काय होईल?”

“तूच शिकवलंयस सगळ्या गावाला. मला कसं कळणार नाही?”

“मी रविवारी बोलले तर?”

“तर मी शब्द मोडलेला माणूस.” ते अगदी साध्या आवाजात म्हणाले. “उरलेत किती दिवस. काढीन तसेच.”

हे मात्र तिला सोसलं नाही. ते रागावले असते, ओरडले असते, तर ती दुप्पट ओरडली असती. त्यात तिचा हात धरणारं घरात कुणी नव्हतं. ती उठून खाली आली आणि ओले कप फडक्यानं पुसायला लागली. आई शेजारी उभी राहून बघत होती.

“बोलणार आहेस?” आईनं विचारलं.

“बोलणार.”

“मग त्या म्हाताऱ्याला मारूनच टाक, त्यापेक्षा बरं.”

“बोलणार आहे, यम्मा. पण त्यांचा शब्द मोडून नाही.”

“असं कसं होईल? एक तर हे, नाही तर ते.”

“तू म्हणालीस ना, माझी मागणी घालायला आले होते. मागणी घातली ती तरी रीतीनं घालावी. पोरीला न विचारता ‘हो’ घेतलं.” तिनं शेवटचा कप पुसून उजेडात धरला. “आता मी जाते मागायला.”

“काय मागायला?”

“याबांचा शब्द. परत.”

आईनं तो कप तिच्या हातून घेऊन ट्रेमध्ये ठेवला. मग म्हणाली, “बायकांची जाहा कुणी बघितली आहे का आजवर?”

“नाही.”

“मला काळी चादर इस्त्री करून दे उद्या.”

शुक्रवारी जेवणानंतर नौफा दारोदार फिरली. मतं मागायला फिरली होती तशीच. फक्त या वेळी ओट्यांवर पुरुषांपाशी न थांबता थेट आत जात होती. खितामनं, जी आरोग्य केंद्रात लशी टोचायची, ताबडतोब होकार दिला आणि विचारलं, लिपस्टिक लावू की नको. औषधाच्या दुकानातली मैसा म्हणाली, नवरा घटस्फोट देईल. तिच्या सासूनं आतून सांगितलं, ‘देऊ दे, मी येते तुझ्याबरोबर.’ दोन घरांतून नकार आला. एका घरात दारच उघडलं नाही, पडद्याआडून कुणी तरी नुसतं बघत राहिलं. नौफानं सगळ्यांना एकच सांगितलं: बोलायचं मी. तुम्ही फक्त कप उचलायचा नाही.

शनिवारी सकाळी ती उठली तेव्हा वडील घरात नव्हते. पहाटेच्या नमाजाला गेलेलं माणूस न्याहारीच्या वेळी परतलं, कुणाशी न बोलता रबरी नळी घेऊन द्राक्षाच्या बुंध्याला पाणी घालत राहिलं. त्यांचा सणासुदीचा तपकिरी पायघोळ अबा दोरीवर वाऱ्याला टाकला होता. नौफानं जातरचा मसाला लावलेली भाकरी आणि चहा त्यांच्यापाशी नेऊन ठेवला. त्यांनी मान हलवली, पण नजर पाण्यावरच ठेवली. मला टाळताहेत, असं तिला वाटलं, आणि त्याचा तिला रागही आला आणि वाईटही वाटलं.

दियाब पाशांची बैठक गावाच्या वरच्या अंगाला होती. लांबलचक दालन, तिन्ही भिंतींना गाद्या, मधोमध कोळशाची शेगडी. नौफा तिथं खासदार म्हणून आधीही येऊन गेली होती. पण तिच्यामागं वीस-पंचवीस काळ्या चादरी एका रांगेत आत शिरताना पाहून शेगडीपाशी बसलेल्या म्हाताऱ्या अताल्लाच्या हातातली चोचदार किटली जागीच थबकली.

दियाब पाशा गादीवरून अर्धे उठले. दालनात त्यांच्याखेरीज दोन-तीनच माणसं होती.

“या, या. आज काय, सगळं गाव लोटलं? आरोग्य केंद्राचं काही? की पाण्याचं?” आणि मग, सवयीनं, चाळीस वर्षांत ज्या वाक्याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता ते वाक्य: “अताल्ला, कॉफी दे.”

अताल्ला उठला. दाराशी एका बुटक्या पितळी तिवईवर एक भरलेला कप होता, कॉफीवर तवंग आलेला. त्याला वळसा घालून तो पुढं आला. नौफाच्या शिक्षकी नजरेला ते खटकलं. पाशांच्या बैठकीत भरला कप असा पडून राहिलेला तिनं कधी पाहिला नव्हता. पण तेवढ्यात तिच्या हातात ताजा कप आला आणि ती वाकली.

तिनं कप पायाशी, सतरंजीवर ठेवला.

शेजारी आईनं ठेवला. खितामनं ठेवला. मैसाच्या सासूनं गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, ठेवला. अताल्ला ओतत गेला आणि कप खाली उतरत गेले. शेवटी त्याच्या लक्षात आलं, आणि तो किटली छातीशी धरून तसाच उभा राहिला.

पाशांचा चेहरा हळूहळू बदलला. ते पुन्हा नीट बसले, अब्याच्या कडा जुळवून घेतल्या.

“बायकांची जाहा नसते,” ते म्हणाले.

“मग आम्ही कोण?” उम्म फव्वाजनं विचारलं. “पाहुण्या? तर मग पाशांच्या घरी पाहुण्यांची कॉफी गार होतेय, असं म्हणायचं का?”

“यम्मा,” नौफा हलकेच म्हणाली. आई गप्प झाली, पण हनुवटी खाली आली नाही.

“पाशा, परवा तुम्ही माझ्या घरी आलात. माझ्या वडिलांकडे तुम्ही माझं मत मागितलंत, माझं तोंड मागितलंत. त्यांनी दिलं. त्यांनी का दिलं, ते तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. फव्वाजसाठी तुम्ही केलंत त्याला मोल नाही. मी जन्मभर विसरणार नाही. पण ते देणं माझ्या घराचं आहे, पाशा. शाळा गावाची आहे.”

“मी रीतीला सोडून काही केलं नाही. मुलगी घरात असेल तर बोलणं बापाशी करतात.”

“मुलीची मागणी घालतात तेव्हा बाप उठून आत जातो आणि पोरीला विचारतो. तेवढ्यासाठी जाहा थांबते. तुम्ही त्यांना उठू दिलंत का? मी आत नव्हते. मी कुठं आहे ते तुम्हाला ठाऊक होतं, म्हणूनच गुरुवार निवडलात.”

गादीवरचा एक जण खाकरला. पाशांनी हात वर करून त्याला थांबवलं.

“लोकांनी मतपत्रिकेवर माझं नाव लिहिलं,” नौफा म्हणाली. “हाज मुत्लक यांचं नाही. जे त्यांचं नव्हतं ते तुम्ही त्यांच्याकडून घेतलंत. मी आज शाळा मागायला आलेली नाही, हॉटेल बंद करा म्हणायला आलेली नाही. माझ्या वडिलांचा शब्द त्यांना परत द्या. एवढंच मागणं आहे.”

“आणि नाही दिला तर?”

नौफाला भीती वाटत होती. तिला ती लपवावीशीही वाटली नाही.

“तरी मी उद्या बोलणार. माइक देतील तर माइकवर, नाही तर त्याच्याशिवाय. माझ्या वडिलांचा शब्द मोडेल आणि ते मान खाली घालून मरतील. आणि ज्या बैठकीत आम्ही बायका भरलेले कप ठेवून उठलो, त्या बैठकीत उद्यापासून कोण काय म्हणून येईल, ते तुम्ही बघा. मग इथून खुनाच्या माफीची जाहा निघेल, तेव्हा लोक विचारतील, हे मागायला जातात, देतात का कधी?”

कोळसा एकदा तडकला. खिताम आपल्या कपाकडे असं एकटक बघत होती, जणू तो उडून जाईल.

दियाब पाशा तिच्याकडे पाहत नव्हते. ते तिच्या खांद्यावरून, दाराकडे पाहत होते.

“तुमच्या घरात तुम्ही एकमेकांशी बोलता की नाही?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“पहाटेच्या नमाजानंतर तुझा बाप आला होता. एकटा. अबा घालून.” त्यांनी हनुवटीनं तिवईकडे खूण केली. “तिथं दाराशीच बसला, वर ये म्हटलं तर आला नाही. कॉफी दिली, ती ठेवली. म्हणाला, मला माझा शब्द परत द्या. मी म्हटलं, अबू फव्वाज, एकट्या माणसाची जाहा होत नसते. तर म्हणाला, असल्या कामाला मी बरोबर कुणाला बोलावू? एकट्यालाच काय ती लाज घेऊ द्या.”

उम्म फव्वाजच्या हातून चादरीचा पदर सुटला. तिनं तो सावरला नाही.

“तुम्ही काय म्हणालात?” नौफानं विचारलं. तिचा आवाज प्रथमच खाली आला होता.

“काहीच नाही. तो उठून गेला. मी अताल्लाला सांगितलं, हात लावू नकोस. सकाळपासून तो कप माझ्याकडे बघतोय.” पाशांनी तळहातानं डोळे चोळले. “बायकांच्या जाहेला मी नाही म्हटलं असतं, पोरी. तू कितीही धमक्या दिल्या असत्यास तरी. आणि एकट्या माणसालाही नाही म्हटलं असतं. पण एकाच घरातून एकाच सकाळी दोनदा... माझ्या बापाच्या वेळेपासून असं झालेलं नाही.”

अताल्लानं किटली खाली ठेवली.

“प्या,” दियाब पाशा म्हणाले. “शब्द परत दिला.”

नौफानं कप उचलला. कॉफी कोमट होती आणि वेलदोड्यानं तोंड कडू झालं. भोवती कप एकामागून एक उचलले जाऊ लागले. मैसाच्या सासूला उठवायला दोघी लागल्या.

“एक समजून घे,” पाशा म्हणाले. “शब्द दिलाय, मत नाही. उद्या माझी माणसं तुझ्याविरुद्धच हात वर करतील. तू हरणार आहेस.”

“हरेन. पण त्यांना हात तरी वर करावा लागेल, पाशा. सगळ्यांसमोर. परवा तुम्ही आलात ते त्यासाठीच ना, की हात वर करायची वेळच येऊ नये?”

पाशांच्या मिशीखाली काही तरी हललं. ते हसू होतं की नव्हतं, सांगता येणार नाही. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं.

“तो त्याचा कप घेऊन जा. त्यालाही जबाब मिळायला हवा.”

उतरताना बायका एकदम बोलू लागल्या. खितामला हसू आवरेना. नौफा त्यांच्या मागून सावकाश चालली होती, दोन्ही हातांच्या ओंजळीत गार झालेल्या कॉफीचा कप धरून, वाटेत एक थेंब सांडू नये म्हणून पायांकडे बघत. आई पुढं होती. ती एकदाही मागं वळली नाही, पण खड्डा आला की आपोआप हळू व्हायची.

हाज मुत्लक अजून द्राक्षापाशीच होते. बुंध्याभोवती चिखल झाला होता इतकं पाणी त्यांनी घातलं होतं. नौफा त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि ओंजळ पुढं केली.

त्यांनी कप ओळखला. काठावरची हिरवी रेघ ओळखली, वरचा तवंगही. मग तिच्याकडे पाहिलं, आणि पाठीमागं दारात उभ्या असलेल्या बायकोकडे.

“कुणी दिला?”

“त्यांनीच. प्या म्हणाले.”

त्यांनी नळी खाली टाकली, हात अंगरख्याला पुसले, कप घेतला आणि उभ्यानंच एका घोटात संपवला. मग आपल्या लोकांच्या सवयीनं, आणखी नको हे सांगायला, रिकामा कप दोनदा हलवला आणि तिच्या हातात परत दिला. घसा साफ केला.

“उद्या तिथं,” ते म्हणाले, “बाहेरच्या माणसाला बसू देतात का?”

“देतात, याबा. वर गॅलरी आहे.”

“लांब असेल.”

“आहे थोडी.”

हाज मुत्लकनी वाकून नळी उचलली आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडलं.

“मग मोठ्यानं बोल,” ते म्हणाले. “मला एकाच कानानं ऐकू येतं.”